जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट नव्यानं बनवायची तर... बोर्डात नेमकं कुठे अडतं?

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा 'गेम' होता, त्या सगळ्यांना एक उपाय तोंडपाठ असायचा. मारिओ लागला नाही की कॅसेट काढायची, खालच्या पट्ट्यांवर जोरात फुंकर मारायची आणि परत लावायची. गेम सुरू व्हायचा आणि श्रेय फुंकरीला जायचं. खरं तर बहुतेक वेळा काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा लावल्यामुळे. धातूच्या पट्ट्या घासल्या जायच्या आणि स्लॉटमधल्या पिनांना नव्यानं टेकायच्या. फुंकरीतल्या ओलाव्यानं मात्र पट्ट्यांवर हळूहळू गंज चढायचा.

आज हीच यंत्रं माळ्यावरून पुन्हा खाली येऊ लागली आहेत. जगभरातले हौशी लोक त्यांच्यासाठी नवे गेम लिहितात, कॅसेटसाठी नवे सर्किट बोर्डही बनवतात. २०१९ मध्ये आलेला 'मायक्रो मेजेस' हा नवा गेम तर १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'इतक्याच, म्हणजे ४० किलोबाइट जागेत बसवलेला आहे. गेम लिहिणं अवघड आहेच, पण तो ज्या बोर्डावर बसतो तो बोर्ड बनवताना वेगळ्याच अडचणी येतात. सगळ्यात फसवी अडचण अशी, की चुकीचा बोर्डसुद्धा पहिल्या दिवशी व्यवस्थित चालतो. बिघाड नंतर होतो, आणि तो कॅसेटपेक्षा यंत्रात जास्त होतो.

या लेखात मुख्य उदाहरण घेतलं आहे निन्टेंडोच्या फॅमिकॉम आणि एनईएस या यंत्रांचं. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलं, त्याचंच बदललेलं रूप एनईएस या नावानं १९८५ मध्ये अमेरिकेत आलं. भारतात त्या काळात विकली गेलेली बहुतेक स्वस्त गेम यंत्रं फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यामुळे आपल्याकडे मिळायची ती कॅसेट बहुतेक करून फॅमिकॉमच्या ६० पिनांच्या मापाची असायची.

कॅसेटमध्ये असतं काय?

आपण कॅसेट म्हणत असलो तरी तिच्यात टेप नसते. प्लॅस्टिकच्या खोक्यात एक छोटा बोर्ड असतो आणि त्यावर मेमरीच्या चिप असतात. साध्या गेममध्ये अशा दोन चिप असतात. एकीत गेमचा प्रोग्राम, दुसरीत चित्रांचे तुकडे. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ३२ किलोबाइटचा प्रोग्राम आणि ८ किलोबाइटची चित्रं आहेत.

प्रोग्रामची चिप यंत्राच्या मुख्य प्रोसेसरला जोडलेली असते, चित्रांची चिप पडद्यावर चित्र काढणाऱ्या पीपीयू या चिपला. दोन्हीकडच्या तारा वेगळ्या, दोन्हीकडची कामं एकाच वेळी चालू. म्हणून पेन ड्राइव्ह लावल्यासारखा हा प्रकार नाही. कॅसेट लावली की तिचा बोर्ड यंत्राच्या मुख्य बोर्डाचाच भाग होतो. तिथे झालेली विजेची चूक थेट प्रोसेसरपर्यंत पोहोचते.

स्वस्त नकली कॅसेटमध्ये चिपऐवजी काळा, डांबरासारखा थेंब दिसतो. त्याखाली उघडी चिप थेट बोर्डावर चिकटवलेली असते. तो थेंब काढून चिप बदलता येत नाही. म्हणूनच अशी कॅसेट बिघडली की दुरुस्तीपेक्षा नवा बोर्ड करण्याकडे लोक वळतात.

पहिली अडचण : जाडी आणि अंतर

पीसीबी बनवणाऱ्या कंपनीकडे काहीही न सांगता ऑर्डर दिली, तर बोर्ड येतो १.६ मिलिमीटर जाडीचा. फॅमिकॉम आणि एनईएसच्या कॅसेटचा बोर्ड असतो साधारण १.२ मिलिमीटर, तर गेम बॉयचा फक्त ०.८ मिलिमीटर.

०.४ मिलिमीटरनं काय बिघडतं, असं वाटू शकतं. जाड बोर्ड थोडा जोर लावला की स्लॉटमध्ये बसतो, गेमही लागतो. पण स्लॉटमधल्या पिना म्हणजे बारीक स्प्रिंग आहेत. जाड बोर्डानं त्या गरजेपेक्षा जास्त फाकतात आणि पूर्ण परत येत नाहीत. मग मूळच्या १.२ मिलिमीटरच्या कॅसेट सैल बसायला लागतात. नवी कॅसेट चालते, जुन्या मात्र लागत नाहीत, आणि दोष जुन्या कॅसेटना दिला जातो.

दुसरं माप पट्ट्यांमधल्या अंतराचं. फॅमिकॉमच्या पट्ट्या २.५४ मिलिमीटरवर आहेत, एनईएसच्या २.५० मिलिमीटरवर. फरक फक्त ०.०४ मिलिमीटरचा. पण एनईएसच्या बोर्डावर प्रत्येक बाजूला ३६ पट्ट्या, म्हणजे ३५ अंतरं. एका टोकापासून मोजत गेलं तर शेवटच्या पट्टीपर्यंत ही चूक १.४ मिलिमीटर होते, म्हणजे दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त. तिथली पिन आपल्या पट्टीवर न टेकता शेजारच्या पट्टीजवळ जाते. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आयतं मिळणारं २.५४ चं माप एनईएससाठी तसंच वापरणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

बोर्डाची खालची कडही तिरकी घासून घ्यावी लागते. कड चौकोनी राहिली तर प्रत्येक वेळी कॅसेट लावताना ती पिनांना खरवडते.

दुसरी अडचण : सोन्याचा मुलामा

कॅसेटच्या पट्ट्या पिवळ्या दिसतात, कारण तांब्यावर आधी निकेलचा थर आणि वर सोन्याचा मुलामा असतो. आज बोर्ड मागवताना साधारण तीन पर्याय समोर येतात.

सगळ्यात स्वस्त म्हणजे कथलाचा थर. तो मऊ असतो, खालीवर असतो आणि सोन्याच्या पिनांना घासून त्याची भुकटी व ऑक्साइड तयार होतं. हा मळ स्लॉटमध्ये साठतो. कॅसेटच्या पट्ट्यांसाठी हा पर्याय टाळलेलाच बरा.

दुसरा पर्याय रासायनिक पद्धतीनं चढवलेल्या पातळ सोन्याचा. हा सपाट असतो, दिसायला छान असतो, पण सोन्याची जाडी साधारण ०.०५ ते ०.१ मायक्रॉन इतकीच. मुळात तो चिपला नीट सोल्डर लागावं यासाठी आहे. एकदा लावून ठेवायच्या कॅसेटला चालून जातो. रोज काढघाल केली तर झिजतो आणि खालचं निकेल उघडं पडतं.

तिसरा पर्याय कडक सोन्याचा. त्यात थोडा कोबाल्ट मिसळलेला असतो आणि थर पातळ सोन्याच्या दहापट किंवा त्याहून जाड असतो. हाच खरा कॅसेटसाठीचा मुलामा. पण तो विजेच्या प्रवाहानं चढवतात, त्यामुळे मुलामा चढेपर्यंत प्रत्येक पट्टी एका सामाईक तांब्याच्या पट्टीला जोडलेली असावी लागते. ती पट्टी बोर्डाच्या कडेबाहेर ठेवतात आणि नंतर कापून टाकतात. डिझाइन करतानाच याची सोय ठेवावी लागते, खर्चही वाढतो. पाच-दहा बोर्ड बनवणारा हौशी माणूस इथेच पातळ सोन्यावर तडजोड करतो.

तिसरी अडचण : ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक इथे होते. फॅमिकॉम, एनईएस, मूळ गेम बॉय ही सगळी यंत्रं ५ व्होल्टवर चालतात. आज बाजारात सहज आणि स्वस्त मिळणाऱ्या बहुतेक फ्लॅश मेमरी ३.३ व्होल्टच्या आहेत.

३.३ व्होल्टच्या चिपला थेट या तारा जोडल्या तर यंत्राकडून ५ व्होल्टचे सिग्नल तिच्या पायांवर येतात. चिपच्या आतले संरक्षक डायोड तो जादा दाब तिच्या वीजपुरवठ्याकडे वळवतात. चिप गरम होते, प्रोसेसरच्या तारांवर नको तितका प्रवाह वाहतो. तरीही गेम चालतो! काही आठवडे, काही महिने. मग कधीतरी चिप जाते, आणि तोवर जुन्या प्रोसेसरनं तो जादा भार सोसलेला असतो.

उलट दिशेला तेवढी अडचण नाही. ३.३ व्होल्टचा सिग्नल जुन्या ५ व्होल्टच्या चिपला साधारणपणे 'एक' म्हणून कळतो. त्यामुळे अडचण येते ती यंत्राकडून कॅसेटकडे जाणाऱ्या सिग्नलची.

यावर दोन सरळ मार्ग आहेत. पहिला, ५ व्होल्टचीच मेमरी वापरायची. एसएसटी३९एसएफ०४० ही ५१२ किलोबाइटची ५ व्होल्ट फ्लॅश चिप हौशी लोकांत यासाठीच लोकप्रिय आहे. दुसरा मार्ग, मध्ये ७४एलव्हीसी२४५ सारखी सिग्नल उतरवणारी चिप घालायची आणि ३.३ व्होल्टसाठी वेगळा रेग्युलेटर द्यायचा. पण डेटाच्या तारांवरून माहिती दोन्ही दिशांनी जाते. दिशा बदलायला क्षणभर उशीर झाला तर दोन्ही बाजू एकाच तारेवर एकमेकांविरुद्ध जोर लावतात.

जुन्या काळच्या, काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉम चिपही ५ व्होल्टच्याच असतात. त्या वापरायच्या तर खिडकीवर प्रकाश अडवणारं स्टिकर हवंच, कारण अतिनील किरणांनी आतली माहिती पुसली जाते. बाजारात जुन्या बोर्डांवरून काढलेल्या, वरचं नाव घासून नव्यानं छापलेल्या चिपही येतात. सोल्डर करण्याआधी प्रत्येक चिप प्रोग्रामरवर लिहून-वाचून पाहिलेली बरी.

नव्या चिपचा वेगही कधी त्रास देतो. एनईएसचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा, म्हणजे एका फेरीला साधारण ५५९ नॅनोसेकंद. ७० नॅनोसेकंदाची चिप त्याला हवी त्याहून कितीतरी वेगवान. पण वेगवान चिपचे सिग्नल झटक्यानं वर-खाली होतात आणि जमिनीची तार बारीक व लांब असेल तर इतर तारांवर खोटे धक्के उमटतात. म्हणून प्रत्येक चिपच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि बोर्डावर जमिनीसाठी भरपूर तांबं ठेवावं लागतं.

चौथी अडचण : मॅपर

फॅमिकॉमच्या प्रोसेसरला कॅसेटमधला प्रोग्राम एका वेळी ३२ किलोबाइटच दिसतो. अमेरिकेत विकलेल्या 'कॉन्ट्रा'चा प्रोग्राम होता १२८ किलोबाइटचा. 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' चा प्रोग्राम २५६ आणि चित्रं १२८ किलोबाइट. मग हे बसवलं कसं?

त्यासाठी कॅसेटमध्ये मॅपर नावाची जादा चिप असते. ती मोठ्या मेमरीचा हवा तो तुकडा प्रोसेसरसमोर आणून ठेवते. 'कॉन्ट्रा'च्या बोर्डात हे काम ७४१६१ आणि ७४३२ या दोन साध्या, आजही मिळणाऱ्या चिप करतात. असा बोर्ड नवशिक्यालाही जमतो. पण त्यात एक खोच आहे. कोणता तुकडा हवा हे सांगायला प्रोसेसर मेमरीच्याच पत्त्यावर आकडा लिहितो. त्याच क्षणी मेमरीची चिपही त्या तारांवर आपला आकडा ठेवते. दोन्ही आकडे वेगळे असले की तारांवर भांडण होतं आणि कधी हा जिंकतो, कधी तो. उपाय प्रोग्राममध्ये आहे: जो आकडा लिहायचा, तोच आकडा आधीच साठवलेल्या जागेवर लिहायचा. बोर्ड आणि गेम वेगवेगळ्या लोकांनी केले असतील तर ही गोष्ट हमखास राहून जाते.

'सुपर मारिओ ब्रदर्स ३' मधली एमएमसी३ ही मॅपर चिप निन्टेंडोनं खास बनवून घेतलेली होती. ती बाजारात नवी मिळत नाही. ती पडद्यावरच्या ओळीही मोजते, त्यामुळेच वरचं दृश्य सरकत असताना खाली गुणांची पट्टी स्थिर राहते. हे मोजण्यासाठी ती चित्रांच्या चिपच्या एका पत्त्याच्या तारेवर लक्ष ठेवते. ती तार मध्येच भरभर वर-खाली होते, ते धक्के गाळून मोजावं लागतं. नकल करताना हे गाळणं चुकलं की पट्टी थरथरते किंवा चित्र तुटतं.

आज असा मॅपर प्रोग्राम करता येणाऱ्या सीपीएलडी चिपमध्ये उतरवतात. इथे पुन्हा व्होल्टेज आडवं येतं. ५ व्होल्टच्या सीपीएलडी बंद होत गेल्या. ३.३ व्होल्टवर चालून ५ व्होल्टचे सिग्नल सोसणारी एक्ससी९५००एक्सएल मालिका हौशी लोकांचा मोठा आधार होती, तीही २०२४ मध्ये बंद करण्यात आली. म्हणजे आज केलेलं डिझाइन काही वर्षांनी पुन्हा बनवायला त्यातल्या चिप मिळतीलच असं नाही.

एका तारेच्या चुका

काही चुका अगदी छोट्या असतात. फॅमिकॉममध्ये यंत्राचा आवाज पिन ४५ वरून कॅसेटमध्ये येतो आणि पिन ४६ वरून परत जातो. कॅसेटला वाटेत स्वतःचा जादा आवाज मिसळता यावा म्हणून ही सोय. साध्या कॅसेटमध्ये या दोन पिना फक्त जोडायच्या असतात. तेवढं राहिलं की गेम चालतो, पण आवाज येत नाही. मग लोक टीव्ही तपासत बसतात.

तसंच पडद्याच्या मांडणीचं. यंत्रात पडद्यासाठी २ किलोबाइट मेमरी असते. ती आडव्या सरकण्यासाठी लावायची की उभ्या, हे बोर्डावरची एक जोडणी ठरवते. 'सुपर मारिओ'सारख्या आडव्या सरकणाऱ्या गेमला चुकीची जोडणी दिली की सरकताना पडद्याच्या कडेला भलतीच चित्रं येतात.

एनईएससाठी आणखी एक गोष्ट लागते, कुलूप-चिप. यंत्रात एक आणि कॅसेटमध्ये एक अशा दोन चिप सतत एकमेकींशी ताळमेळ राखतात. ताळमेळ चुकला की यंत्र साधारण दर सेकंदाला रीसेट होतं, दिवा लुकलुकत राहतो. या चिपच्या प्रोग्रामवरून अमेरिकेत अटारी गेम्स आणि निन्टेंडो यांच्यात खटला झाला, १९९२ चा अपिलातला निकाल प्रसिद्ध आहे. आज हौशी लोक एटीटायनी१३ या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर हे काम भागवतात. फॅमिकॉममध्ये आणि आपल्याकडच्या ६० पिनांच्या यंत्रांत हे कुलूप नाही.

सेव्ह आणि बॅटरी

गेम जिथे थांबवला तिथून पुढे खेळायची सोय असलेल्या कॅसेटमध्ये एक छोटी रॅम आणि बटण-बॅटरी असते. यंत्र बंद असताना बॅटरी रॅमला जागती ठेवते. इथला धोका बंद करण्याच्या क्षणाचा. व्होल्टेज उतरत असताना प्रोसेसर काही क्षण भरकटतो आणि रॅममध्ये काहीही लिहू शकतो. म्हणूनच 'झेल्डा'च्या अमेरिकी कॅसेटसोबत सूचना असायची, की रीसेटचं बटण दाबून ठेवून मग पॉवर बंद करा. नव्या बोर्डात व्होल्टेजवर लक्ष ठेवून रॅम वेळेत बंद करणारी चिप घालणं चांगलं.

बॅटरी नको असेल तर वीज गेली तरी माहिती धरून ठेवणारी एफरॅम वापरतात. पण तिच्या एफएम१८०८ सारख्या चिपना प्रत्येक वाचन-लेखनासाठी निवडीचा सिग्नल नव्यानं द्यावा लागतो. साध्या रॅमच्या जागी ती तशीच बसवली आणि तो सिग्नल मध्ये उठत नसेल, तर चुकीची माहिती वाचली जाते.

यंत्रात लावण्याआधी काय तपासावं?

१. व्हर्नियर कॅलिपरनं बोर्डाची जाडी आणि पहिल्या ते शेवटच्या पट्टीचं अंतर मोजा.

२. मल्टिमीटरनं वीज आणि जमीन यांच्यात शॉर्ट नाही ना, शेजारच्या पट्ट्या चिकटलेल्या नाहीत ना, हे पाहा.

३. प्रत्येक चिपच्या माहितीपत्रकात ५ व्होल्ट चालतं असं लिहिलंय का, ते बघा. 'दुसऱ्याचं चाललं' हा पुरावा धरू नका.

४. उघडा बोर्ड खोक्याशिवाय लावू नका. खोकं नसेल तर तो उलटा बसू शकतो आणि तारा भलत्याच पिनांना भिडतात.

५. यंत्र बंद असतानाच बोर्ड लावा आणि काढा.

६. पहिली चाचणी स्वस्त नकली यंत्रावर घ्या, पण अंतिम चाचणी मूळ यंत्रावर. आपल्याकडची नकली यंत्रं ५० हर्ट्झच्या पाल टीव्हीसाठी बनवलेली, जपानी आणि अमेरिकी यंत्रं ६० हर्ट्झची. वेळेचे हिशेब दोन्हीकडे सारखे नसतात.

७. अर्धा-एक तास गेम चालवून चिपला हात लावून पाहा. साधी मेमरी चिप चटका बसेल इतकी तापायला नको.

आणखी एक गोष्ट. बोर्ड स्वतः बनवला म्हणून त्यात घातलेला गेम आपला होत नाही. 'मारिओ' किंवा 'कॉन्ट्रा'च्या प्रती काढून विकणं हा कॉपीराइटचा भंग आहे. स्वतः लिहिलेला किंवा लेखकानं परवानगी दिलेला गेम घालायला मात्र अडचण नाही. नव्या बोर्डासाठी जुनी चांगली कॅसेट फोडून तिचे भाग काढण्याचीही पद्धत आहे. पण त्यात एक मूळ कॅसेट कायमची जाते.

निन्टेंडोनं फॅमिकॉमचं उत्पादन २००३ मध्ये थांबवलं. बोर्ड चुकला तर दुसरा मागवता येतो, पण त्या यंत्राचा प्रोसेसर आणि पीपीयू आता कुणी नव्यानं बनवत नाही. म्हणून पडद्यावर गेम दिसला की काम झालं असं समजू नये. तीच कॅसेट वर्षभर वापरल्यावर बाकीच्या जुन्या कॅसेटही पहिल्यासारख्याच लागत असतील, तर बोर्ड बरोबर बनला असं म्हणावं.